ब जीवनसत्त्वे : रक्त सुधारते, पण मज्जातंतूंचे काय?

आरोग्यशिक्षण हे रुग्णसेवेचेच अंग आहे, अशी आमची धारणा आहे. म्हणून वर्षभराच्या कार्याचा आढावा सादर करताना एका नित्याच्या विषयाचे विवेचन आम्ही आमचे देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे कुटुंबीय यांच्यापुढे ठेवीत आहोत. ‘अशक्तपणा वाटतो ना, मग ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्या’ हा सल्ला घरोघरी दिला जातो. तथापि ‘ब’ हे एकच जीवनसत्त्व नसून तो आठ जीवनसत्त्वांचा समूह आहे. त्यांतील नेमके कोणते उणे आहे हे न पाहता केलेला उपचार कधी कधी रोग बरा करण्याऐवजी झाकून ठेवतो.

ही जीवनसत्त्वे स्वतः ऊर्जा देत नाहीत. आपण खाल्लेल्या पिष्टमय पदार्थांपासून, स्निग्धांपासून व प्रथिनांपासून ऊर्जा मिळविण्याचे काम शरीरातील विकरे करतात. या विकरांना साहाय्य करण्याचे काम थायमिन (ब-१), रायबोफ्लेविन (ब-२), नायासिन (ब-३), पँटोथेनिक आम्ल (ब-५), पायरिडॉक्सिन (ब-६) व बायोटिन (ब-७) यांच्याकडे असते. फॉलिक आम्ल (ब-९) आणि ब-१२ यांचे मुख्य कार्य नव्या पेशी घडविण्याचे आहे. अस्थिमज्जेत तांबड्या रक्तपेशींची निर्मिती अखंड चालू असल्यामुळे या दोहोंची उणीव प्रथम बहुधा रक्तात दिसते. पेशी आकाराने मोठ्या, पण संख्येने कमी होतात आणि रक्तक्षय होतो.

या संशोधनाचा एक महत्त्वाचा अध्याय मुंबईत घडला. १९२८ साली डॉ. ल्यूसी विल्स या इंग्रज संशोधिका गर्भवती स्त्रियांमधील रक्तक्षयाचा अभ्यास करण्यासाठी येथे आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांमध्ये हा विकार विशेष आढळत असे आणि त्यांचा आहार अत्यंत निकृष्ट होता. यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो, असे विल्स यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्यातील गुणकारी द्रव्य म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फॉलिक आम्ल होय. ब-१२ हे १९४८ साली वेगळे करण्यात आले.

ही दोन जीवनसत्त्वे एकमेकांच्या साहाय्याने काम करतात. ब-१२ नसेल तर शरीरातील फोलेट एका रूपात अडकून पडते व पेशींच्या उपयोगी येत नाही. अशा रुग्णास केवळ फॉलिक आम्ल भरपूर दिले, तर ही अडचण टळते, रक्त सुधारते आणि रुग्ण बरा झाल्यासारखा वाटतो. मात्र मज्जातंतूंवरील आवरण सुस्थितीत राहण्यासाठी ब-१२ च लागते. त्याची उणीव तशीच राहिल्यास हातापायांस मुंग्या येणे, बधिरता, चालताना तोल जाणे, विस्मरण अशी लक्षणे वाढत जातात. उपचारास फार विलंब झाला, तर ही हानी पूर्णपणे भरून येत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे. धान्ये, डाळी, भाज्या व फळे यांत ब-१२ जवळजवळ नसते. शाकाहारी व्यक्तीस ते प्रामुख्याने दूध, दही, ताक, पनीर यांतूनच मिळते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळील सहा गावांतील मातांचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. सुमारे दोन तृतीयांश गर्भवतींमध्ये ब-१२ कमी आढळले, तर फोलेटची कमतरता केवळ एकीतच होती. ज्या मातांमध्ये ब-१२ कमी व फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत वयाच्या सहाव्या वर्षी इन्शुलिनला होणारा प्रतिरोध सर्वाधिक दिसला. हा संबंध निरीक्षणातून दिसलेला आहे. त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तरीही त्याकडे दुर्लक्ष करणे योग्य नव्हे.

याचा अर्थ गर्भवतींनी फॉलिक आम्ल टाळावे, असा मुळीच नाही. गर्भधारणेपूर्वी व आरंभीच्या आठवड्यांत ते घेतल्यास बाळाच्या मेंदूचे व मज्जारज्जूचे जन्मजात दोष बऱ्याच प्रमाणात टळतात. डॉक्टरांनी दिलेल्या लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या बंद करू नयेत. आमचे सांगणे एवढेच की ब-१२ चाही विचार व्हावा.

दूध न घेणारे शाकाहारी, वृद्ध, जठराची किंवा आतड्याची शस्त्रक्रिया झालेले, मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणारे अथवा आम्लपित्तावर वर्षानुवर्षे गोळ्या घेणारे रुग्ण यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्तातील ब-१२ तपासून घ्यावे. प्रौढ व्यक्तीस दिवसाला जेमतेम दोन ते अडीच मायक्रोग्रॅम ब-१२ पुरते. यकृतातील साठा काही वर्षे पुरत असल्याने उणीव सावकाश आणि नकळत येते. वेळीच लक्षात आल्यास गोळ्या किंवा इंजेक्शने यांनी ती भरून काढता येते.

घरातील वडीलधाऱ्यांचे पाय बधिर होणे, तोल जाणे किंवा विसरणे यांस ‘वयोमानाने व्हायचेच’ म्हणून सोडून देऊ नये, अशी आमची सर्व कुटुंबीयांना कळकळीची विनंती आहे. त्यामागे भरून काढता येण्याजोगी उणीवही असू शकते. मात्र ती शोधण्यास उशीर होता कामा नये.