स्फोट आधी स्क्रीनवर घडवणारे इंजिनिअर

लेकीने केमिकल इंजिनिअरिंगचं नाव काढलं की घाटकोपरच्या आईबाबांना आधी माहुल आठवतं, नाहीतर डोंबिवली. साहजिकच आहे. 8 ऑगस्ट 2018 ला माहुलच्या रिफायनरीत स्फोट झाला, 23 मे 2024 ला डोंबिवली एमआयडीसीत. पण असा अपघात आधी कॉम्प्युटरवर घडवून बघणं, हेच काही इंजिनिअरांचं रोजचं काम असतं. त्याचं साधन म्हणजे प्रोसेस सिम्युलेशन.

समजा, रिअ‍ॅक्टरमध्ये एक रसायन भरलंय आणि दुसरं हळूहळू सोडायचंय. दोन्ही भेटली की उष्णता सुटते. ती भांड्याभोवतीच्या जॅकेटमधलं गार पाणी वाहून नेतं. पंप बंद पडला तर काय, हे कुणीही विचारेल. हॅझॉपच्या, म्हणजे प्लांटमधले धोके आधीच शोधायच्या बैठकीत मात्र 'तापमान कमी झालं तर?' हेही विचारतात. नवख्याला वाटतं, गार म्हणजे सुरक्षित. स्क्रीनवरचा आलेख वेगळंच दाखवतो: रिअ‍ॅक्शन मंदावते, सोडलेला माल तसाच साठत जातो आणि पुढे तापमान चढलं की सगळा एकदम उसळतो. तेव्हा कूलिंग पुरं पडत नाही. हाताशी किती मिनिटं उरतात, माल सोडणं आपोआप कधी थांबायला हवं, सेफ्टी व्हॉल्व्ह केवढा हवा, हे त्यावरून ठरवता येतं. अर्थात प्रयोगशाळेतले आकडे चुकीचे भरले, तर सॉफ्टवेअर निमूटपणे चुकीचा आलेख काढून देतं, तोही देखणा!

म्हणून नुसतं सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या महागड्या क्लासच्या नादी लागू नका. थर्मोडायनॅमिक्स आणि हीट ट्रान्सफर पक्कं करा. सिम्युलेशनचा सराव डीडब्ल्यूसिम या सॉफ्टवेअरवर होतो. ते फुकट मिळतं आणि पवईच्या आयआयटीतला फॉसी प्रकल्प त्याचा प्रसार करतो.

प्रवेशासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि मग एमएचटी-सीईटी ही प्रवेश परीक्षा. माटुंग्याची आयसीटी ही संस्था 1933 पासूनची, पण तिथे चुरस भारी. नाही जमलं तर इतर कॉलेजं आहेत. दहावीनंतर डिप्लोमा करून डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याची वाटही आहे. सुरक्षेकडेच वळायचं असेल तर पुढे सायनच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटचा औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा बघा.

आणि पालकहो, सिम्युलेशनचं काम एसी ऑफिसात चालतं म्हणून लेकीला थेट तिथेच धाडायची घाई करू नका. पहिली दोन-तीन वर्षं तिला प्लांटवर काढू द्या, शिफ्टसकट. अलार्म सारखा वाजतो म्हणून ऑपरेटर तो बंद करून ठेवतो, हे तिला तिथेच दिसेल.