घाटातील एक दिवस

आमचे नेर गाव यवतमाळ जिल्ह्यात, अमरावतीला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. शेतावर जावयाचे असो की बाजारातून पोते आणावयाचे असो, आमच्याकडे सायकलीवाचून कोणाचे चालत नाही. मलाही सायकलीचा मोठा अभिमान होता. परंतु ती सारी सपाट वाटेवरची सायकल! डोंगर कसा चढावा, हे मला एका दिवाळीच्या सुट्टीत कळले.

त्या सुट्टीत दादा व मी सायकलींवरून चिखलदऱ्यास निघालो. पहिल्या दिवशी नांदगाव खंडेश्वरवरून अमरावती गाठली. दुसऱ्या दिवशी संत्र्यांच्या बागा पाहत परतवाड्यास मुक्काम केला. तिसरा दिवस घाटाचा होता. परतवाड्यापासून चिखलदरा सुमारे 30 किलोमीटर. अंतर ऐकून मला हसू आले. “एवढेच? दोन तासांत पोचू,” मी म्हणालो. दादा काही बोलला नाही. तो वाकून दोन्ही सायकलींचे ब्रेक तपासत होता.

“दादा, आज तर चढावयाचे आहे. ब्रेक कशाला हवेत?”

“जो चढतो त्याला उतरावेही लागते,” तो म्हणाला.

तांबडे फुटताच आम्ही निघालो. धामणगाव गढी मागे पडली आणि समोर सातपुड्याच्या गाविलगड डोंगराची निळी रांग उभी राहिली. रस्ता हळूहळू वर चढू लागला. दोन्ही बाजूंस सागाचे रान होते. मी जोर लावून पुढे गेलो, दादाला मागे टाकले, आणि तिसऱ्या वळणावर मटकन खाली बसलो. छाती भात्यासारखी हालत होती, पाय थरथरत होते. दादा मात्र त्याच संथ चालीने आला. आमच्या साध्या सायकलींना गिअर नव्हते. चढ फार झाला की तो खाली उतरे, सायकल हाताने ढकली आणि चढ सौम्य झाला की पुन्हा बसे.

“खाली उतरावयाची लाज वाटत नाही?” मी विचारले.

“हा रस्ता सरळ वर का जात नाही, सांग पाहू,” दादाने उलट विचारले. मी गप्प राहिलो. “डोंगराची उंची कोणालाच कमी करता येत नाही. पण वाट लांब केली की चढ सौम्य होतो आणि प्रत्येक पावलाला लागणारा जोर कमी होतो. म्हणून घाटाला वळणे असतात. रस्ता बांधणाऱ्यांनी डोंगराशी घाई केली नाही. आपण का करावी?”

ऊन वाढले. एवढ्यात लाकडांनी भरलेली एक मालमोटार कण्हत कण्हत आमच्या शेजारून गेली. तिच्या मागे एक साखळी लोंबत होती. मला मोह झाला. मी पुढे होऊन ती साखळी धरली. काय आश्चर्य! पाय न हलविता सायकल वर चालली.

“सोड! आधी सोड!” दादा ओरडला. त्याचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी साखळी सोडून रस्त्याच्या कडेला झालो. पुढच्याच वळणावर मालमोटार थबकली आणि एकदम हात-दोन हात मागे सरकली. मी तिच्या मागेच असतो तर? माझ्या अंगावर काटा आला.

दादा रागावला नाही. त्याने मला सागाच्या सावलीत बसविले, पाणी दिले आणि एक गोष्ट सांगितली. 1923 च्या ऑक्टोबर महिन्यात मुंबईचे सहा तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भुमगारा हे तिघे सुमारे 71,000 किलोमीटर प्रवास करून 1928 च्या मार्चमध्ये परत आले.

“प्रवासाचे दिवस धर सुमारे 1,600. रोजचे सरासरी किती झाले?”

मी काडीने मातीत भागाकार केला. उत्तर आले 44. मी पुन्हा पडताळून पाहिले. केवळ 44! काल आम्ही सुमारे 50 किलोमीटर आलो होतो.

“म्हणजे त्यांनी एका दिवसात काही अचाट केले नाही,” मी म्हणालो.

“नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा सायकल हाती घेतली, हेच अचाट,” दादा म्हणाला.

त्यानंतर मी दादाच्या मागे राहिलो. दम लागण्यापूर्वीच थांबावे, तहान लागण्यापूर्वीच घोटभर पाणी प्यावे, पुढच्या वळणापलीकडचा विचार करू नये, असे करता करता वाट सरू लागली. वारा गार झाला. खालची शेते चटईच्या चौकटींसारखी दिसू लागली.

दुपार कलती झाली तेव्हा आम्ही चिखलदऱ्यास पोचलो. हे स्थान समुद्रसपाटीपासून सुमारे 1,100 मीटर उंच आहे. भीमाने कीचकाला मारून येथील दरीत टाकले, म्हणून हा ‘कीचकदरा’, अशी आख्यायिका आहे. समोर गाविलगडाचा जुना तट उन्हात उजळला होता. खाली मेळघाटाचे अरण्य पसरले होते. 1973 साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, तेव्हा देशभरातून निवडलेल्या पहिल्या नऊ अरण्यांत हे एक होते.

दोन तासांचा म्हणून हिणविलेला तो प्रवास आठ तासांचा झाला होता. तरी मला त्याचे वाईट वाटले नाही. दरीत उतरणाऱ्या त्या वळणावळणाच्या वाटेकडे मी पाहत राहिलो. तिच्यातील प्रत्येक वळण आता माझ्या ओळखीचे होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे दादा उठला तेव्हा मी बाहेर वाकून दोन्ही सायकलींचे ब्रेक तपासत होतो.