संगणकाची चूक आणि नागरिकाची जागरूकता

संकेश्वर परिसरातील शेतकऱ्यास पीककर्ज घ्यावयाचे असो वा वाटणीची नोंद करावयाची असो, 'पहाणी', म्हणजेच जमिनीचा उतारा, हाताशी असावा लागतो. कर्नाटक शासनाने 'भूमी' प्रकल्पाद्वारे सुमारे ६७ लाख खातेदारांचे २ कोटी उतारे संगणकावर आणले. पुढे ते इंटरनेटवरही उपलब्ध झाले. सोय वाढली, परंतु संगणक अडला की कामही अडते. म्हणून त्यातील चूक कशी ओळखावी व कशी कळवावी, हे जाणणे अगत्याचे आहे.

चुका दोन प्रकारच्या असतात. पहिली यंत्रणेची. पडद्यावर ४०४ हा आकडा आल्यास मागितलेले पान त्या पत्त्यावर नाही, ५०० आल्यास सर्व्हरमध्ये अंतर्गत बिघाड आहे, तर ५०३ आल्यास सेवा तात्पुरती बंद आहे वा तिच्यावर अतिभार आहे, असा अर्थ होय. अशा घटनांची वेळ व तपशील सर्व्हर आपल्या 'लॉग' नावाच्या नोंदवहीत टिपतो. एकच चूक वारंवार घडू लागली की देखरेखीची यंत्रणा तंत्रज्ञांना इशारा देते. या नोंदी १८० दिवस जतन कराव्यात, असा केंद्र शासनाच्या 'सर्ट-इन' संस्थेचा एप्रिल २०२२ चा निर्देश आहे.

दुसरी चूक मजकुराची. नावातील एक अक्षर बदलले किंवा क्षेत्राचा आकडा चुकला, तरी उतारा बिनदिक्कत छापून निघतो. यंत्राच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नसते. ही चूक वाचणाराच पकडू शकतो. येथील उतारे कन्नडमध्ये असतात. मराठी भाषक कुटुंबातील वडीलधाऱ्यांना ते वाचता येतीलच असे नाही. दोन्ही भाषा जाणणाऱ्या शिक्षकांनी ते मोठ्याने वाचून दाखविल्यास मोठे काम होईल. महाराष्ट्रात २०१७ साली संगणकीकृत सातबाऱ्यांचे चावडी वाचन झाले, ते याच हेतूने.

तक्रार करताना 'साइट चालत नाही' एवढेच सांगणे पुरेसे नाही. दिनांक, अचूक वेळ, सर्व्हे नंबर, कोणते बटण दाबले असता काय घडले आणि पडद्यावरील मजकूर जसाच्या तसा लिहावा. वेळ ठाऊक असली की तंत्रज्ञास असंख्य नोंदींतून नेमकी नोंद सापडते. पासवर्ड व ओटीपी मात्र कोणासही देऊ नये. मजकुराची चूक असल्यास हुक्केरीच्या तहसीलदार कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.

कर्मचाऱ्यांनीही 'सर्व्हर डाऊन' म्हणून कोणास परत पाठविण्यापूर्वी ती घटना वहीत नोंदवून वरिष्ठांस कळवावी. रिकाम्या हाताने परतलेल्या शेतकऱ्याची नोंद कोणताही सर्व्हर ठेवीत नसतो.