शेतकी प्रदर्शनात चांदीचे दागिने

प्रश्न : मी इंग्लंडात यॉर्कशायर परगण्यात राहते. चांदीची कर्णफुले व ठुशीच्या घाटाचे हार स्वहस्ते घडवते. उन्हाळ्यातील शेतकी प्रदर्शनांत दुकान मांडावे म्हणते. कोणती दक्षता घ्यावी?
— एक वाचक भगिनी

उत्तर : ठुशीचा घाट त्या गिऱ्हाइकास अपूर्व वाटेल, हे आपले भांडवल खरेच, परंतु 'चांदी' हा शब्द उच्चारण्यापूर्वी तिथला १९७३ चा हॉलमार्किंग कायदा अवलोकन करावा, कारण ज्या नगात ७.७८ ग्रॅमहून अधिक चांदी आहे, तो लंडन, बर्मिंगहॅम, शेफील्ड किंवा एडिंबरा येथील परीक्षण-कचेरीच्या शिक्क्यावाचून चांदी म्हणून विकण्यास मुभा नाही, आणि त्या शिक्क्यासाठी आपली मुद्रा कचेरीच्या दफ्तरी आगाऊ नोंदवावी लागते. शेफील्ड आपल्या परगण्यातच आहे, ही सोय. हलकी कर्णफुले शिक्क्यातून सुटतात, शुद्धतेच्या नियमातून नव्हे. हॉलमार्कचा अर्थ सांगणारा विहित फलकही दुकानी लावणे सक्तीचे आहे.

व्यवस्थापक बहुधा सार्वजनिक दायित्वाच्या विम्याचा दाखला मागतात. जुलैत हॅरोगेटला भरणारे 'ग्रेट यॉर्कशायर शो' भव्य खरे, पण नवख्याने प्रथम गावकीची लहान प्रदर्शने गाठावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथला उन्हाळा पुष्कळदा आपल्या श्रावणासारखा वागतो. तेव्हा मांडवाचे खांब वजनाने जखडावेत व मखमलीवर झाकण असावे. करवर्षात व्यवसायाची एकूण आवक १,००० पौंडांच्या आत असेल, तर सामान्यतः प्राप्तिकर-कचेरीस ती कळवावी लागत नाही. तथापि हिशेबाची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी.