गणित सोडू नकोस, बाई

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे पोरीला सल्ला द्यायला अख्खा मोहल्ला हजर असतो. बायोलॉजी घे, नर्सिंग कर, नाहीतर बँकेच्या परीक्षा दे. इंजिनिअरिंगचं नाव काढलं की एखादी आत्या हमखास म्हणते, "मशिनीत हात काळे करते का व माय?" मी मेकॅनिकल केलंय, म्हणून सांगते. हात काळे होतात आणि साबणानं निघतात.

पहिल्या वर्षाला वर्कशॉप असतं. लोखंडाचा एक तुकडा हातात देतात आणि कानशीनं घासून त्याचे कोपरे काटकोनात आणायला सांगतात. घासायचं, मग गुण्या लावून तुकडा उजेडासमोर धरायचा. फटीतून उजेड दिसला की परत घासायचं. आमच्या तुकडीतल्या मुली एका बाकावर मावत होत्या, आणि "जमेल ना?" हा प्रश्न फक्त त्या बाकालाच विचारला जायचा. गुण्याला मात्र कानस कोणी चालवली ते कळत नाही. हे काम मला त्याच दिवशी आवडलं.

आणि मशीन म्हणजे काही पुण्यातल्या कारखान्यातलीच नव्हे गं. वर्धा-हिंगणघाट पट्ट्यात जन्मलीस, म्हणजे कापूस पाहतच मोठी झालीस. पऱ्हाटीवर सुकलेल्या बोंडांची टोकं बोटं कशी ओरबाडतात, दुपारपर्यंत भरलेली ओटी कमरेला कशी ओढते, हे तुला कोणी शिकवायला नको. वेचणी बायाच करतात. पण बाईच्या हाताला, उंचीला, पाठीला सोसेल असं अवजार बनवायला बसलेल्यांपैकी किती जणांनी आयुष्यात एक ओटी भरली असेल? मला तुझं इंजिनिअर होणं हवंय ते खरं यासाठी.

ही मागणी नवी नाही. १९२९ साली गांधीजींच्या चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी तब्बल एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. अटी बघ: बाईला तो आठ तास फार न थकता चालवता आला पाहिजे आणि किंमत दीडशे रुपयांच्या वर जाता कामा नये. चालवणारीची पाठ आणि घरातला पैसा, दोन्ही आधी लिहून मग यंत्र मागितलं. कॉलेजात डिझाइनच्या तासाला याहून वेगळं काय सांगतात? चरखे बघायचे तर खादी-ग्रामोद्योगाचं मगन संग्रहालय १९३८ पासून आपल्या वर्ध्यात आहे. शाळेच्या सहलीत धावत पाहिलं असशील, आता एकदा निवांत जा.

बारावी-सीईटीचाच एक रस्ता आहे असंही नाही. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. सातारा जिल्ह्यातल्या शेतकरी घरातल्या सुरेखा यादव यांनी कऱ्हाडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमाच केला होता. १९८९ मध्ये त्या रेल्वेत सहायक चालक झाल्या, आशियातली पहिली महिला रेल्वेचालक म्हणून नावाजल्या आणि २०२३ च्या मार्चमध्ये त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली. शेतीच्या अवजारांचं वेड असेल तर अकोल्याच्या कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकी आहे. घरचे दूर पाठवत नसतील तर सेवाग्रामला बापूराव देशमुख कॉलेज आहे. शाखा मात्र तू निवड. "मुलींना कॉम्प्युटरच बरं, एसीत बसायचं" या एका वाक्यापायी कितीतरी चांगल्या सिव्हिलवाल्या वाया गेल्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पैशाचं. बाबा बोलत नाहीत, पण अडतं तिथंच. २०२४-२५ पासून राज्य सरकारनं आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. एससी-एसटीसाठी योजना वेगळ्या आहेत. अट एकच घट्ट धर: प्रवेश कॅप राउंडमधूनच घ्यायचा. मॅनेजमेंट कोट्यातून गेलीस की माफी गेली. होस्टेल आणि मेसचा खर्च यात धरत नाहीत. एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्तीही बघ. निवड झाली तर वर्षाला पन्नास हजार मिळतात, डिप्लोमालाही आणि पदवीलाही.

साईटवर, शॉपफ्लोरवर एकटी कशी राहील ही आईची भीती खोटी नाही. तिला हसू नकोस. कॉलेज दाखवायला तिलाच सोबत ने, शिकणाऱ्या मुलींशी तिची गाठ घालून दे. माझ्या समजावण्यापेक्षा ते लवकर पटतं.

अकरावीच्या फॉर्मवर गणित ठेव. बायोलॉजी हवं तर जोडीला घे. आणि निकालाची वाट न पाहता या आठवड्यातच बाबांना घेऊन सेतूत जा, उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज टाकून ये. जूनमध्ये तिथं उभं राहायला जागा नसते.