रिकामा डबा घरात घेण्यापूर्वी



रिकामा डबा टाकून न देता वापरात आणायचा, हा आपला घरोघरचा रिवाज चांगलाच आहे. घाटाखाली रत्नागिरीकडे पाऊस लागायच्या आत कोकमाचे आगळ, आंब्याचे लोणचे भरायची घाई असते, तेव्हा साऱ्या जुन्या बरण्या-बाटल्या बाहेर निघतात. आपल्याकडेही तेलाचा पाच लिटरचा कॅन रिकामा झाला की लगेच कामाला लागतो. मात्र डबा घरात घेताना पहिला प्रश्न विचारावा : यात आधी काय होते?

खाण्याचा जिन्नस असेल तर डबा चालेल. तेलकट डब्यात कोमट पाणी, साबण व चमचाभर खायचा सोडा घालून रात्रभर ठेवावे. तारेच्या घासणीने घासू नये; चरे पडतात आणि त्यांत मळ बसतो. झाकणाच्या आतली चकती काढून वेगळी धुवावी. डबा पालथा घालून पुरता सुकवावा. कोकणच्या दमट हवेत थोडी ओल राहिली तरी बुरशी धरते.

पाण्याच्या पातळ बाटलीत उकळते काही ओतू नये. ते प्लॅस्टिक साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडते. आगळ खारट-आंबट आणि लोणचे तेलकट. त्यांना काचेची किंवा चिनी मातीची बरणीच बरी. धुतलेल्या डब्यात डाळी, कडधान्ये भरावीत.

आता मुख्य गोष्ट. उसावर मारायच्या तणनाशकाचा किंवा कीटकनाशकाचा कॅन कितीही धुतला, वास गेला, तरी घरात आणू नये. ‘एवढा दणकट डबा, टाकायचा कशाला?’ असे म्हणू नका. औषध प्लॅस्टिकात मुरते, ते डोळ्यांना दिसत नाही. लेबलावरचा त्रिकोण हिरवा असला तरी हाच नियम. असा कॅन शेतावरच तीनदा खळबळून धुवावा, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतावे आणि कॅनला भोके पाडावीत. कीटकनाशक नियम, १९७१ प्रमाणेही रिकामी वेष्टने पुन्हा वापरली जाऊ नयेत म्हणून फोडून वस्तीपासून दूर पुरायची आहेत. ओढ्यात, विहिरीजवळ टाकू नयेत, जाळूही नयेत.

उलटही ध्यानात ठेवा. उरलेले औषध पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवू नका. तहानलेल्या लेकराला बाटली तेवढी कळते, आतले औषध कळत नाही.

आजच गोठा, पडवी आणि मोरी एकदा पाहून घ्या. ज्या डब्यात आधी काय होते हे घरात कोणालाच सांगता येत नाही, तो डबा बाद समजावा, अशी आमची विनंती आहे.