प्रवाळावरील उपद्रवी समुद्रफूल व त्याचा बंदोबस्त

सुरत महानगरपालिकेचे पाल येथील जगदीशचंद्र बोस मत्स्यालय २०१४ साली खुले झाले. आपल्या सभासदांपैकी पुष्कळांनी ते मुलाबाळांसह पाहिले असेल. वडील मंडळींना मुंबईचे १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय आठवत असेल. अशी मत्स्यालये पाहून घरीही खाऱ्या पाण्याची टाकी ठेवण्याची हौस काहींना होते. त्या टाकीत जो प्रवाळ ठेवतो, त्याला आज ना उद्या एक शत्रू भेटतोच. त्या शत्रूची ओळख करून देणे व तो कसा घालवावा हे सांगणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आरंभी कायद्याची गोष्ट सांगणे अवश्य आहे. डुमस व हजिऱ्याचा आपला समुद्र गाळाचा. स्वच्छ पाण्यावाचून प्रवाळ जगत नाही, म्हणून तो येथे दिसत नाही. आपल्याला जवळचा प्रवाळ कच्छच्या आखातात, जामनगरकडील पिरोटन व नरारा येथे आहे. त्या भागास १९८२ साली सागरी राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, व २००१ साली सर्व कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घालण्यात आले. तेव्हा किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडासुद्धा उचलून आणू नये, आणि विकत घेतानाही ती जात कायद्याने वर्ज्य नाही ना, याची खात्री करून घ्यावी.

हा शत्रू कोण?

समुद्रफूल हे नावाने फूल असले तरी आहे प्राणी. दगडाला चिकटलेला पाय, वर नळीसारखे अंग, मध्ये तोंड व तोंडाभोवती शुंडकांचे कडे, अशी त्याची ठेवण असते. टाकीत उपद्रव देणाऱ्या जातीचे नाव ऐप्टेशिया. ती तपकिरी व काचेसारखी अर्धपारदर्शक असते. दगडाच्या एखाद्या भोकातून ती आपल्या नकळत टाकीत येते, आणि धक्का लागताच त्याच भोकात अंग आखडून बसते.

प्रवाळ व समुद्रफूल हे एकाच कुळातले भाऊबंद आहेत. दोघांच्या शुंडकांत दंशपेशी असतात. दोघांच्याही अंगात सूक्ष्म शैवाल राहते व सूर्यप्रकाशावर तयार केलेले अन्न आपल्या यजमानाला देते. जागेसाठी मात्र ऐप्टेशिया शेजारच्या प्रवाळाला दंश करते. प्रवाळजीव मिटून बसतात, कडेचे मांस झडते, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर शत्रू पाय रोवतो.

खरडू नये, औषध ओतू नये

पहिली बुद्धी होते ती चाकूने खरडण्याची. ती आवरावी. ऐप्टेशियाच्या पायाचा बारीकसा कण मागे राहिला तरी त्यातून पुरता प्राणी वाढतो. एक खरडावे तर काही दिवसांनी दहा दिसावीत, असा प्रकार होतो. दुसरी बुद्धी होते ती पाण्यात विष घालण्याची. पण जे विष समुद्रफुलाला मारील, ते त्याच्या भाऊबंदालाही सोडणार नाही. म्हणून एकेकाला गाठून जागच्या जागी संपवणे हाच मार्ग उरतो.

तीन उपाय

पहिला उपाय दगड फोडण्याचा. समुद्रफूल प्रवाळाच्या बैठकीच्या कडेला असेल, तर दगड बाहेर काढून ते ज्या कपच्यावर बसले आहे तो कपचाच छिन्नीने उडवावा. पाय दगडासकट निघाल्याने कण मागे राहत नाही. मग प्रवाळ वेगळ्या घेतलेल्या खाऱ्या पाण्यात विसळावा. ते पाणी टाकीत परत ओतू नये.

दुसरा उपाय चुन्याचा. आपण पानाला लावतो त्याच चुन्याचे शुद्ध रूप, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, थोड्या गोड्या पाण्यात दाट कालवावे. पंप बंद करावेत. बोथट सुईच्या सिरिंजने ते हळूहळू समुद्रफुलाच्या तोंडावर सोडावे, म्हणजे ते आखडण्याआधीच झाकले जाते. पंधरा मिनिटांनी मेलेला अंश व चुना नळीने ओढून घ्यावा, मग पंप सुरू करावेत. समुद्राच्या पाण्याचा पीएच सुमारे ८.२, तर चुन्याच्या संपृक्त पाण्याचा १२.४ असतो. म्हणून चुना प्रवाळाला लागू देऊ नये, आणि लहान टाकीत एका दिवशी दोनतीनच समुद्रफुले घ्यावीत.

तिसरा उपाय भक्षकाचा. बर्घिया नावाची इवलीशी समुद्री गोगलगाय केवळ ऐप्टेशियावरच जगते. अन्न संपले की तीही उपाशी मरते. पेपरमिंट कोळंबी व लांब चोचीचा कॉपरबँड मासा हेही तिला खातात, पण मासा कधी कधी प्रवाळालाही टोचतो. यांपैकी कोणताही प्राणी तापीत किंवा खाडीत सोडू नये.

घरातल्या माणसांची काळजी

हा भाग आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण तो लक्षात राहावा. बटणांच्या झुपक्यासारखे दिसणारे काही मृदू प्रवाळ पॅलिटॉक्सिन नावाचे अतितीव्र विष बाळगतात. हे विष १९७१ साली हवाई बेटांवरील अशाच प्राण्यातून वेगळे काढण्यात आले. समुद्रफुले मारावीत म्हणून टाकीतला दगड घरात उकळणे फार धोक्याचे आहे. अशा वाफेने परदेशांत घरची माणसे आजारी पडल्याची उदाहरणे आहेत. दगड कधीही उकळू नये. छिन्नी चालवताना व चुना हाताळताना हातमोजे व डोळ्यांना चष्मा हवाच, आणि मुलांना दूर ठेवावे.

काम झाले असे वाटल्यावरही काही आठवडे रोज दगड न्याहाळावा, आणि माशांना बेताचेच खाद्य घालावे; उरलेल्या अन्नावर समुद्रफुले फोफावतात. नवे फूल बारीक असतानाच दिसले तर चुन्याच्या एका थेंबाने भागते. दुर्लक्ष झाले, तर वर्षानुवर्षे जोपासलेला प्रवाळ हातचा जातो.